विश्लेषण : हातातला ७० हजारांचा ‘गेमिंग पीसी’ लोणावळा लोकलमध्ये किती टिकेल?

लोणावळा ते पुणे हे ६४ किलोमीटरचे अंतर कापायला लोकलला साधारण दीड तास लागतो. वलवण, तुंगार्ली, कुसगाव या भागांतून नोकरी किंवा कॉलेजसाठी रोज पिंपरी-चिंचवड, पुण्याला जाणाऱ्यांचे दिवसाचे तीन तास त्या डब्यात जातात. हा वेळ बहुतेकांचा मोबाइलवर जातो. याच वेळेवर आता हातात धरून खेळायच्या कन्सोलचा, म्हणजे ‘हँडहेल्ड’चा डोळा आहे. असूस आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून बनवलेला ‘आरओजी एक्सबॉक्स ॲलाय’ ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतासह जगभर विक्रीला आला. बाजारात आला तेव्हा साध्या मॉडेलची किंमत ६९,९९० रुपये होती, तर ‘ॲलाय एक्स’ या वरच्या मॉडेलची १,१४,९९० रुपये. पहिल्या पगारातून किंवा हप्त्यांवर तो घ्यावा का, असा प्रश्न अनेक तरुणांना पडला आहे आणि ‘एवढ्या पैशांत गेमच खेळणार का’ असा प्रश्न त्यांच्या घरच्यांना. दोन्ही प्रश्नांची उत्तरे प्रोसेसरच्या नावात सापडत नाहीत. ती आपल्या दिवसाच्या वेळापत्रकात, घरातल्या इंटरनेटमध्ये आणि आपण कोणते गेम खेळतो यात सापडतात.

हे यंत्र नेमके काय आहे?

दिसायला कन्सोल असला, तरी आतून हा पूर्ण संगणक आहे. त्यात ‘विंडोज ११’ ही संगणक प्रणाली आहे. मधोमध सात इंचांचा फुल एचडी स्क्रीन, तो सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे करू शकतो. दोन्ही बाजूंना एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसारख्या मुठी, त्यावर दोन काठ्या, बटणे आणि मागे ट्रिगर. स्टीम, एपिक, एक्सबॉक्स अशा कोणत्याही दुकानातून घेतलेले संगणकाचे गेम त्यावर चालवता येतात. यूएसबी-सी केबलने मॉनिटर जोडला, कीबोर्ड-माउस लावला की त्यावर वर्डमध्ये अर्ज लिहिता येतो आणि कोडही लिहिता येतो.

फरक जाणवतो तो चालू केल्यावर. विंडोजचा नेहमीचा डेस्कटॉप समोर येत नाही; गेमची मोठी चित्रे असलेला पूर्ण-पडदा एक्सबॉक्स मेन्यू उघडतो. या पद्धतीत विंडोज मागच्या अनेक अनावश्यक गोष्टी चालूच करत नाही आणि त्यामुळे दोन जीबीपर्यंत मेमरी मोकळी होते, असे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे आहे. सोळा जीबीच्या यंत्रात दोन जीबी ही लहान गोष्ट नाही, कारण ही मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी वाटून घ्यायची असते. वेगळे ग्राफिक्स कार्ड यात नसते.

हातात घेतल्यावर पहिले काय जाणवते?

वजन. साधे मॉडेल ६७० ग्रॅमचे, तर वरचे ७१५ ग्रॅमचे आहे. आपला मोबाइल दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे तीनहून अधिक मोबाइल एकावर एक ठेवून धरल्यासारखे. लोणावळ्याच्या भाषेत सांगायचे तर अर्धा किलो चिक्कीच्या पुड्यापेक्षा जड. गोलाकार मुठींमुळे वजन तळव्यांवर वाटले जाते. बसून, कोपर मांडीवर टेकवून खेळताना ते फारसे खटकत नाही. पण लोकलमध्ये उभे राहून, एका हाताने कडी धरून खेळण्याची ही वस्तू नाही. दोन्ही हात गुंततात. म्हणजे आधी बसायला जागा मिळायला हवी! लोणावळ्याहून सुटणाऱ्या गाडीत ती मिळण्याची शक्यता असते. संध्याकाळी शिवाजीनगरहून परतताना मिळेलच असे नाही.

दुसरी गोष्ट पंख्याची. मोबाइल गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो. हँडहेल्डमध्ये पंखे असतात. ते मागून हवा ओढून वरच्या बाजूने गरम हवा बाहेर फेकतात. त्यामुळे वेग टिकतो. पण त्यासाठी मागची जाळी मोकळी राहावी लागते. गादीवर, पांघरुणात ठेवून खेळले की ती झाकली जाते.

दोन मॉडेलमध्ये ४५ हजारांचा फरक कशाचा?

नावे सारखी असली, तरी ही दोन वेगळ्या पिढ्यांची यंत्रे आहेत. साध्या मॉडेलमध्ये एएमडीचा ‘रायझेन झेड२ ए’ हा प्रोसेसर आहे. त्यात ‘झेन २’ पद्धतीचे चार कोअर आणि ‘आरडीएनए २’ पद्धतीची आठ ग्राफिक्स युनिट आहेत. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम डेक’मध्ये २०२२ साली नेमकी हीच रचना होती. म्हणजे यंत्र २०२५ चे, पण त्याच्या मेंदूची जातकुळी त्याआधीची. वरच्या मॉडेलमधील ‘रायझेन एआय झेड२ एक्स्ट्रीम’मध्ये आठ कोअर आणि नव्या पद्धतीची सोळा ग्राफिक्स युनिट आहेत. शिवाय साध्या मॉडेलमध्ये १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी साठवण, तर वरच्यात २४ जीबी मेमरी आणि एक टीबी साठवण. बॅटरी अनुक्रमे ६० आणि ८० वॉट-तास.

याचा व्यवहारातील अर्थ असा : दोन-चार वर्षे जुने गेम, लहान स्टुडिओंचे गेम, द्विमितीय गेम, क्रिकेट-फुटबॉलचे गेम यांसाठी साधे मॉडेल पुरते. आज येणारे अवजड गेम त्यावर चालवायचे तर चित्राची प्रत उतरवावी लागते. सात इंचांच्या पडद्यावर ती उतरलेली प्रत फारशी डोळ्यांत खुपत नाही, हा हँडहेल्डचा मोठा फायदा. पण तेच यंत्र ५५ इंचांच्या टीव्हीला जोडले, की सगळी काटकसर उघडी पडते.

नाव ‘एक्सबॉक्स’ आहे, मग एक्सबॉक्सचे सगळे गेम चालतात का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महाग पडू शकतो. घरच्या एक्सबॉक्स कन्सोलवर घेतलेला प्रत्येक गेम यावर चालत नाही, कारण हे यंत्र संगणकाचे गेम चालवते. जे गेम ‘प्ले एनीव्हेअर’ योजनेत आहेत ते एकदा घेतले की कन्सोल आणि संगणक दोन्हींवर चालतात. बाकीच्यांसाठी क्लाउडचा मार्ग आहे. त्यात गेम मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे फक्त त्याचे चित्र येते. ही सेवा भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. घरच्या वाय-फायवर ती उपयोगाची आहे. धावत्या लोकलमध्ये मात्र फोन सतत एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत असतो. व्हिडीओ अशा वेळी आधीच साठवलेल्या भागावर वेळ मारून नेतो. गेमला ती सोय नाही, कारण आपण पुढच्या क्षणी कोणते बटण दाबणार हे त्याला आधी माहीत नसते.

यासोबत मासिक वर्गणीचाही विचार हवा. ‘गेम पास अल्टिमेट’चा भारतातील दर ऑक्टोबर २०२५ मध्ये ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपये झाला. त्या दराने वर्षाचे १६,६६८ रुपये होतात. यंत्राच्या किमतीत ते मिळवले, तर पहिल्या वर्षाचा खर्च ८६ हजारांच्या पुढे जातो. खालच्या दर्जाच्या स्वस्त वर्गण्या आहेत आणि वर्गणीशिवायही यंत्र चालते. स्टीमच्या उन्हाळी आणि हिवाळी सवलतींत जुने चांगले गेम काही शे रुपयांत मिळतात. हा हिशेब आधी मांडणाऱ्याला यंत्र परवडते, न मांडणाऱ्याला पुढचे बारा महिने ते कळत राहते.

बॅटरी तीन तास टिकेल का?

हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर साध्या भागाकाराने काढता येते. बॅटरीतली ऊर्जा वॉट-तासांत मोजतात. ती यंत्र किती वॉट खाते याने भागली, की तास मिळतात. झेड२ ए हा प्रोसेसर ६ ते २० वॉटपर्यंत चालवता येतो. पडदा, पंखे, वाय-फाय, साठवण यांचे मिळून आणखी सात वॉट धरू. पूर्ण जोरात चालवले तर २७ वॉट. साठ भागिले सत्तावीस, म्हणजे सव्वादोन तासांच्या आत खेळ खलास. लोणावळ्याहून पुणे गाठता येईल, परतीच्या वाटेवर पिंपरी-चिंचवड ओलांडेपर्यंत पडदा काळा. प्रोसेसर दहा वॉटवर बांधला, तर एकूण खप १७ वॉट होतो आणि साडेतीन तास मिळतात. मग जाऊन-येऊन प्रवास होतो. वरच्या मॉडेलची बॅटरी मोठी आहे, पण त्याची भूकही मोठी : त्याचा प्रोसेसर १५ ते ३५ वॉटचा. म्हणून ४५ हजार जास्त मोजल्यावर वेग नक्की वाढतो; खेळायचे तास त्याच प्रमाणात वाढत नाहीत.

लोकलच्या डब्यात चार्जिंगची सोय गृहीत धरता येत नाही. पॉवर बँकेवर भिस्त ठेवायची तर तीही हिशेबाने घ्यावी लागते. वीस हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तास. वाटेतली घट वजा केली, की साध्या मॉडेलचे जेमतेम एक पूर्ण चार्जिंग. शिवाय ती ६५ वॉटच्या आसपास वीज देणारी हवी. मोबाइलची साधी पॉवर बँक लावली तर खेळताना बॅटरी भरण्याऐवजी सावकाश उतरतच राहील.

या क्षेत्राच्या इतिहासात हा धडा पूर्वीच मिळाला आहे. निन्तेन्दोचा ‘गेम बॉय’ १९८९ मध्ये आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, रंगहीन आणि प्रकाशाविना होता. पण चार पेन्सिल सेलवर तो पंधरा तासांच्या आसपास चालायचा. पुढच्याच वर्षी सेगाने ‘गेम गिअर’ आणला. रंगीत, उजळ पडदा. कागदावर सगळ्याच बाबतीत सरस. त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकले गेले; गेम गिअर एक कोटीच्या थोडा पुढे जाऊन थांबला. गेम बॉयमागचे अभियंते गुनपेई योकोई यांचे सूत्र असे की तंत्रज्ञान जुने, मुरलेले आणि स्वस्त घ्यावे. नवेपणा ते वापरण्याच्या पद्धतीत असावा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेपासून खेळण्यांच्या दुकानापर्यंत मिळणारा ठोकळ्यांचा ‘ब्रिक गेम’ वर्षानुवर्षे टिकला, त्याचेही कारण वेगळे नव्हते. सेल बदलला की तो पुन्हा चालू.

विजेचे बिल वाढेल का?

इथे घरच्यांना दिलासा आहे. ऐंशी वॉट-तासांची बॅटरी एकदा पूर्ण भरायला, घट धरूनही, साधारण शंभर वॉट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये दहा वेळा चार्जिंग. घरातला मोठा गेमिंग संगणक तासाला चारशे-पाचशे वॉट ओढतो; त्यापुढे हँडहेल्डचा खप किरकोळ आहे. वलवणकरांना ओळखीचे उदाहरण घ्यायचे तर लोणावळा, वलवण आणि शिरवता या तलावांच्या पाण्यावर चालणारा टाटांचा खोपोली जलविद्युत प्रकल्प पाहावा. तो १९१५ मध्ये सुरू झाला आणि त्याची क्षमता ७२ मेगावॉट आहे. या यंत्राचे ६५ वॉटचे अकरा लाख चार्जर एकाच वेळी लावले, तेव्हा कुठे तेवढी वीज लागेल. तेव्हा बिलाची चिंता नको. चिंता करायचीच तर पावसाळ्यात तारेवर झाड पडून वीज गेल्यावर वाय-फायही जाते याची करावी. त्यासाठी इंटरनेटशिवाय चालणारे दोन-तीन गेम आधीच उतरवून ठेवलेले बरे.

गेम डाउनलोड करायला किती वेळ?

सीडी घालायची सोय नाही. प्रत्येक गेम इंटरनेटवरूनच येतो आणि त्यांचे आकार आता अवाढव्य आहेत. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ या दोन्ही गेमना संगणकावर १५० जीबी मोकळी जागा लागते. सेकंदाला ४० मेगाबिटचे ब्रॉडबँड असेल तर एवढा डेटा उतरायला आठ तासांपेक्षा जास्त लागतात. शंभर मेगाबिटवर साडेतीन तासांच्या आत काम होते. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हाच गेम उतरवायला पंचाहत्तर दिवस लागतील. म्हणजे घरी फायबर जोडणी नसेल, तर यंत्र घेण्याआधी ती घ्यावी लागेल. ५१२ जीबीच्या साठवणीत विंडोज धरून असे मोठे तीन गेम मावणेही कठीण. एक बरे, की आतली एसएसडी लॅपटॉपमध्ये असते त्याच नेहमीच्या मापाची आहे. पुढे मोठी बसवता येते.

बीजीएमआय आणि व्हॅलोरंट चालतील का?

बहुतेक जाहिराती या प्रश्नाला हातच घालत नाहीत. भारतात तरुणांमध्ये सर्वाधिक चर्चा असलेल्या गेमपैकी ‘बीजीएमआय’ अधिकृतपणे फक्त अँड्रॉइड आणि आयफोनसाठी आहे. या विंडोज यंत्रासाठी त्याची आवृत्ती नाही. ‘व्हॅलोरंट’ संगणकावर चालतो, पण त्याच्या संगणक आवृत्तीत कंट्रोलरला वाव नाही. तो माउस आणि कीबोर्डनेच खेळायचा. म्हणजे ज्या दोन गेमसाठी मुले मित्रांसोबत रात्री ऑनलाइन जमतात, त्या दोन्हींसाठी हे ७० हजारांचे यंत्र कामाचे नाही. पहिल्यासाठी हातातला मोबाइल पुरेसा आहे, दुसऱ्यासाठी साधा लॅपटॉप. हँडहेल्ड घ्यायचा तो एकट्याने खेळायच्या, कथा असलेल्या, मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येणाऱ्या गेमसाठी. ती आवड नसेल, तर महिन्याभरात यंत्र कपाटात जाते.

लोणावळ्याच्या पावसात काय?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल आणि कपड्यांना वास, हे इथल्या प्रत्येक घराचे वास्तव. पंखा आणि जाळ्या असलेले यंत्र हवा आत ओढतेच, त्या हवेबरोबर ओलावाही. पाण्यापासून संरक्षण असलेल्या मोबाइलची सवय झालेल्यांनी इथे सावध राहावे. लोकलच्या खिडकीतून आलेली सरही पुरेशी ठरू शकते. कडक आवरणाची पिशवी, तीत सिलिका जेलच्या पुड्या आणि भिजलेल्या दप्तरातून काढल्यावर लगेच चार्जिंगला न लावणे, एवढी काळजी घेतली तरी बरेच साधते. बॅटरीसाठी उष्णता वाईट. सतत शंभर टक्के भरून ठेवणेही वाईट. रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

बाकीचे पर्याय कोणते?

जगात सर्वाधिक चर्चा झालेला हँडहेल्ड म्हणजे निन्तेन्दोचा ‘स्विच २’. तो ५ जून २०२५ रोजी आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून अधिक विकला गेला. अमेरिकेत त्याची किंमत ४५० डॉलर होती. पण निन्तेन्दोने तो भारतात अधिकृतपणे आणलेला नाही. व्हॉल्व्हचा ‘स्टीम डेक’ही नाही. दुकानांत किंवा ऑनलाइन दिसणारे हे कन्सोल कोणीतरी परदेशातून आणलेले असतात. ते चालतात, पण बिघडल्यावर भारतात वॉरंटी मागायची कोणाकडे, हा प्रश्न उरतो. नातेवाइकांकडून मागवले तरी तेच. सोनीचा ‘प्लेस्टेशन पोर्टल’ सप्टेंबर २०२४ मध्ये १८,९९० रुपयांना भारतात आला. किंमत आकर्षक असली, तरी तो स्वतः गेम चालवत नाही. घरच्या प्लेस्टेशन ५ चे चित्र वाय-फायवरून दाखवतो. प्लेस्टेशन नसलेल्या घरात तो निरुपयोगी. त्यामुळे अधिकृत बिल आणि वॉरंटी हवी असेल, तर विंडोजवर चालणारे हँडहेल्ड हाच सध्याचा प्रमुख मार्ग उरतो.

थांबलो तर स्वस्त होईल का? पूर्वी उत्तर ‘हो’ असे असायचे. पण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी वाढवल्याने २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे दर चढले. सोळा आणि चोवीस जीबी मेमरी असलेल्या यंत्रांच्या किमती लवकर उतरतील, या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. दुकानात जाण्याआधी त्या दिवसाची किंमत मात्र जरूर तपासावी.

यात मराठी मुलखाचा काय संबंध?

ग्राहक म्हणून आपण मागे असलो, तरी निर्माते म्हणून नाही. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या स्टुडिओने बनवलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रसिद्ध झाला. भारतीय पुराणकथा, राजस्थानी किल्ले, पहाडी चित्रशैली आणि त्यातून भावाला शोधत निघालेली एक मुलगी. हा गेम सर्वप्रथम आला तो निन्तेन्दोच्या ‘स्विच’वर, संगणक आणि इतर कन्सोलवर काही आठवड्यांनी. म्हणजे पुण्यात घडलेला गेम पहिल्यांदा अशा हँडहेल्डवर आला, जो पुण्यात अधिकृतपणे विकतच मिळत नव्हता. जगभरच्या खेळाडूंनी तो खेळला. इथल्या मुलांना तो आधी ऑनलाइन व्हिडीओत पाहावा लागला.

आज स्थिती बदलते आहे. ‘राजी’ स्टीमवर आहे, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी आवाजही मिळाला आणि साध्या मॉडेललाही तो झेपावा. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठीच्या धोरणाला मंजुरी दिली. धोरणातून स्टुडिओ उभे राहतील, नोकऱ्याही येतील. पण ज्या मुलांनी उद्या गेम बनवायचे त्यांच्या हातात आज चांगले गेम पोहोचतात का, हा प्रश्न त्याइतकाच महत्त्वाचा आहे. वाचनालयाशिवाय लेखक घडवण्याची अपेक्षा आपण करत नाही.

पालकांनी घाबरावे का?

‘गेमिंग’ म्हटले की अनेक घरांत पहिली आठवण येते ती पैसे लावून खेळण्याच्या ॲपची आणि त्यातून झालेल्या कर्जांची. ती भीती अनाठायी नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली असून, असे गेम चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. एकदा विकत घेऊन खेळायचा गेम आणि जिंकण्याच्या आमिषाने पैसे लावायला लावणारा गेम यांत पुस्तक आणि मटका यांच्याइतके अंतर आहे.

दुसरी भीती व्यसनाची. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला आहे. पण त्याचा अर्थ रोज दोन तास खेळणे असा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे, ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली तर तो विकार मानला जातो. मुलाच्या खात्याला वेळेची आणि खर्चाची मर्यादा घालण्याची सोय विंडोज आणि एक्सबॉक्समध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी, मुलाला शेजारी बसवून, त्याच्याशी बोलून लावावी. नंतर लपून लावली की ती शिक्षा वाटते. गेममधल्या खरेदीसाठी घरचे कार्ड त्या खात्यात कायमचे साठवून ठेवू नये.

मग घ्यावा की नाही?

घरात अजून लॅपटॉप नसेल आणि मुलगी किंवा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असेल, तर नाही. सत्तर हजारांत चांगला लॅपटॉप येतो. त्यावर ड्रॉइंग, कोडिंग, प्रोजेक्ट आणि रात्री गेम, सगळे होते. हँडहेल्डला मॉनिटर, कीबोर्ड, डॉक जोडत बसलो तर खर्च वाढतो आणि तो कामाचा संगणक अर्धवटच राहतो. बीजीएमआयसाठी हवा असेल, तरीही नाही.

घरी लॅपटॉप आहे, फायबर जोडणी आहे, रोज लोकलमध्ये बसायला जागा मिळते आणि कथा असलेले गेम खेळायची खरी आवड आहे, अशांसाठी साधे मॉडेल विचार करण्यासारखे आहे. प्रोसेसर दहा-बारा वॉटवर ठेवायचा, गेम घरीच उतरवायचे, वर्गणी पहिले तीन महिने घ्यायचीच नाही. वरचे मॉडेल त्यांनीच पाहावे ज्यांना नवे अवजड गेम खेळायचेत आणि बहुतेक वेळ प्लग जवळ असणार आहे. हप्त्यांवर घेणाऱ्यांनी एक साधी कसोटी लावावी. साध्या मॉडेलचा बारा महिन्यांचा हप्ता व्याजाशिवायही ५,८३३ रुपयांच्या घरात जातो. तेवढी रक्कम आधी सलग तीन महिने बाजूला टाकून पाहावी. ती कोणत्याही ओढाताणीशिवाय निघाली आणि तीन महिन्यांनंतरही यंत्र हवेसे वाटत असेल, तर दुकानात जावे. तोवर ‘राजी’सारखा एखादा गेम मित्राच्या किंवा घरच्या संगणकावर कंट्रोलर लावून खेळून पाहता येतो. आपल्याला अशा खेळांची गोडी आहे की नुसत्या नव्या यंत्राची, हे तेवढ्यात कळते.